जुन्या गोठ्याची डागडुजी



समितीच्या चिटणीसांनीं मला बोलावयास सांगितलें तेव्हां विषय माझ्यावरच सोंपविला आणि एवढीच सूचना केली कीं, "फादर, धर्मग्रामाचा इतिहास आधींचे दोन वक्ते सांगणार आहेत, तेव्हां तो पुन्हां नको." ही सूचना मला मानवली. इतिहास सांगणाऱ्यास सनावळ्या पाठ असाव्या लागतात आणि ऐकणाऱ्यास सहनशीलता. मी आज आपणांस एका गोठ्याविषयीं सांगणार आहें. हा गोठा दगडी आहे, वसईंत आमच्या वडिलार्जित वाडींत आहे, आणि येथें बसलेल्यांपैकीं निदान तीस जणांच्या हातांना त्याचा चुना लागलेला आहे. ज्यांच्या हातांना तो लागला नाहीं, त्यांच्यासाठीं हें भाषण.

प्रथम आपण कोठें बसलों आहों तें पाहूं. मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि शहरांतील कोंदट वस्तीला वाट मिळावी म्हणून दादर-माटुंग्याकडे रस्ते आंखून, भूखंड पाडून नवी वस्ती बसविण्यांत आली. समोरचें मैदान १९२५ सालीं लोकांना खुलें झालें. तेव्हां त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्यास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. गोखले रस्त्यावरील पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ ची. पण आज उभी असलेली इमारत चार्ल्स कोरिया यांनीं योजलेली, १९७७ सालीं पुरी झालेली. माहीमच्या सेंट मायकल चर्चची परंपरा शतकांची, पण आजची वास्तु १९७३ ची. तात्पर्य, पाडावें आणि नव्यानें बांधावें ही आपल्या या भागाच्या अंगवळणीं पडलेली रीत आहे. मी तिला नांवें ठेवीत नाहीं. कोरियांच्या त्या कवचासारख्या छपरांखालीं उजेड कसा उतरतो तें पाहून मला नेहमींच समाधान वाटतें. आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या इमारतींचें आज 'रीडेव्हलपमेंट' चाललेलें आहे, त्यांना तर मी काय सांगावें! पण डागडुजी ही वेगळी विद्या आहे. पाडणाऱ्याला वस्तूची ओळख करून घ्यावी लागत नाहीं. दुरुस्त करणाऱ्याला तिच्याशीं बोलणें केल्याशिवाय गत्यंतर नसतें.

आतां गोठा. लांबी ४० फूट, रुंदी १८ फूट, भिंतींची जाडी २ फूट. अर्ध्या भागांत गुरें, अर्ध्या भागांत भाताच्या कणग्या, अवजारें, आणि माळ्यावर पेंढा. गव्हाण दगडी, तिच्या कडा गुरांच्या मानांनीं घांसून गुळगुळीत झालेल्या. वर ताडाचे वासे आणि मंगलोरी कौलें. या कौलांचा कारखाना बासल मिशननें मंगळुरास १८६५ सालीं काढला, आणि पुढें ह्या कौलांनीं सबंध किनारपट्टी झांकून टाकली. आमच्या गोठ्यावर तीं माझ्या आजोबांच्या वेळेस चढलीं. बैल गेले, रहाट गेले, भातशेती कमी झाली, आणि गोठा ओस पडला. वीस वर्षांत पश्चिमेच्या भिंतींत पिंपळ रुजला, त्यानें दगडांच्या दरजांत मुळें घातलीं, आढें मध्यभागीं मोडलें आणि एका पावसाळ्यांत निम्मीं कौलें खालीं आलीं.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली, आणि त्या सुमारास आमच्याकडील जमिनीचे भाव असे कांहीं वाढले कीं ओसाड गोठ्याखालची जागा गोठ्यापेक्षां बोलकी झाली. एक खरेदीदार आला. त्याची अट एकच: जागा मोकळी करून द्यावी. आमच्या घराण्यांत या वाडीचे हिस्सेदार तीन शाखांचे मिळून अकरा. त्यांपैकीं दोघे चुलतबंधु एकमेकांशीं दहा-बारा वर्षें बोलत नव्हते. माझे थोरले बंधु म्हणत, विकूं नये. धाकट्या शाखेंत दोन मुलींचीं लग्नें आणि एका मुलाचें शिक्षण होतें. त्यांना विकणें भाग वाटत होतें, आणि त्यांचें म्हणणें चुकीचें होतें असें मला आजही म्हणवत नाहीं. शेवटीं दिवाळीच्या सुटींत सर्वांना एकत्र बसविलें तें आमच्या आत्यानें. तिचें वय एक्यायशीं. ती मला 'फादर' असेंही म्हणते आणि 'तूं' असेंही म्हणते. तिनें निकाल दिला: "मृगाच्या आधीं छप्पर चढलें तर गोठा राहील, आणि पडकी वाटणी त्या बाजूची विकूं. नाहीं चढलें तर सगळाच पाडा. मी एक शब्द बोलणार नाहीं. आणि फादर, तूं नुसती प्रार्थना करूं नकोस, घमेलें उचल."

पडकी वाटणी म्हणजे वाडीच्या उत्तरेचा, विहीर आटलेला तुकडा. त्याच्या विक्रींतून धाकट्या शाखेची नड भागणार होती. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. म्हणजे हातीं सात महिने.

कामाला हात लावण्यापूर्वीं एक अडचण उभी राहिली, आणि ती दगडाची किंवा पैशाची नव्हती. अकरांपैकीं सात जणांना भय होतें कीं, जो दुरुस्त करील तो उद्यां हक्क सांगेल. हें भय हास्यास्पद समजूं नका. खुद्द बेथलेहेमची गोष्ट पाहा. ज्या गुहेंत, म्हणजे एका परीनें गोठ्यांतच, प्रभु जन्मले असें आपण मानतों, तिच्यावरच्या मंदिराची व्यवस्था ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि आपले फ्रान्सिस्कन अशा तिघांकडे आहे. तेथील जुन्या वहिवाटीप्रमाणें जो एखादा भाग झाडतो, पुसतो किंवा दुरुस्त करतो, त्याचा त्या भागावर हक्क सिद्ध होतो. परिणाम असा कीं छप्पर गळत होतें, पाणी भिंतींवरून उतरत होतें, आणि कोणीही कोणाला हात लावूं देत नव्हता. पंधराव्या शतकांत व्हेनिसहून लांकूड आणि इंग्लंडच्या चौथ्या एडवर्ड राजाकडून शिसें येऊन तें छप्पर झालें होतें. २०१२ सालीं युनेस्कोनें त्या मंदिराचें नांव जागतिक वारशाच्या यादींत घातलें तें त्याच वेळीं 'धोक्यांतील' म्हणूनही घातलें. शेवटीं तिघांचें एकमत झालें, २०१३ सालीं काम सुरू झालें, आणि २०१९ सालीं धोक्याच्या यादींतून नांव निघालें. मध्यंतरीं २०१६ सालीं गिलाव्याखालीं झांकलेला एक देवदूत सांपडला. भिंतीवर सहा देवदूतांचीं चित्रें काचमण्यांचीं होतीं, हा सातवा. भांडणाच्या काळांत तो तेथेंच होता, कोणाला दिसत मात्र नव्हता.

आम्हीं काय केलें? एक साधा कागद केला. जो कोणी श्रम करील किंवा पैसा घालील त्याचा हिस्सा त्यामुळें वाढणार नाहीं, आणि जो कांहींच करणार नाहीं त्याचा कमी होणार नाहीं. अकरा सह्या झाल्या. माझ्या मतें गोठ्याचा पहिला दगड त्या दिवशीं बसला. कित्येक घरांत मदतीला हात पुढें येत नाहींत याचें कारण आळस नसतें. मदतीचा अर्थ काय लावला जाईल हें ठरलेलें नसतें.

आतां भिंतीकडे येतों. आमच्यापैकीं तरुण मंडळींचा उत्साह असा कीं, दरजांत सिमेंट भरावें, वर सिमेंटचा गिलावा करावा, झालें! आपल्या येथील कट्ट्यावर सायंकाळीं माझ्याबरोबर फेरी मारणारे एक निवृत्त अभियंता आहेत. ते हिंदु आहेत, शाकाहारी आहेत, आणि दगडाविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांना थांबविणें कठीण. त्यांनीं एका रविवारीं येऊन भिंत पाहिली, काठीनें ठोकून ऐकली, आणि म्हणाले, "फादर, ही भिंत श्वास घेते. तिचें नाक दाबूं नका."

याचा अर्थ असा. जुनी दगडी भिंत ही एकसंध नसते. बाहेरचा एक थर, आंतला एक थर, आणि मध्यें चिपा, माती व चुना यांची भर. हे दोन थर एकमेकांपासून सुटूं नयेत म्हणून ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसवितात. जमिनींतून ओल वर चढते, पावसाची झड आंत जाते, आणि उन्हाळ्यांत ती ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. सिमेंट दगडापेक्षां टणक आणि ओलीला वाट न देणारें. तें दरजांत भरलें म्हणजे ओल दगडांतून बाहेर येऊं पाहते, बरोबर क्षार आणते, आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. दहा वर्षांनीं दरज शाबूत आणि दगड झिजलेला असें उलटें दृश्य दिसतें.

आणि गिलावा काढून टाकला तर? त्याचें उदाहरण गोव्यास आहे. बॉम जेझूचें महामंदिर, जेथें संत फ्रान्सिस झेवियरचें शरीर आहे, तें १५९४ सालीं बांधावयास घेतलें आणि १६०५ सालीं त्याचा अर्पणविधि झाला. त्याच्या भिंती जांभ्या दगडाच्या. दर्शनी भागाच्या नक्षीसाठीं काळा दगड गेला तो आपल्या वसईहून. जांभा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत बाल्ताझार काश्त्रु नांवाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदानें तो गिलावा काढून दगड उघडा केला. इमारत तांबूस, प्राचीन, भव्य दिसूं लागली, आणि आज छायाचित्रांतून ओळखतात ती तीच. पण तेव्हांपासून गोव्याचा पाऊस थेट दगडावर पडत आहे आणि दगड झिजत आहे. गिलावा परत चढवावा कीं नाहीं यावर वाद चालतो. उघडा दगड लोकांना आवडतो. दगडाला काय आवडतें हें विचारण्याची चाल नाहीं.

म्हणून आम्हीं चुना धरला. भट्टींतून आलेला कळीचा चुना पाण्यांत विझवावा लागतो. त्या वेळीं तो असा उसळतो, वाफारतो, कीं मुलांना दूर उभें करावें लागलें. मग तो पाण्याखालीं मुरत ठेवावयाचा. जितका मुरेल तितका बरा. आम्हीं तो नाताळापूर्वीं भिजविला आणि फेब्रुवारींत काढला, तेव्हां लोण्यासारखा हातीं आला. एक भाग चुना, एक भाग पक्क्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी, दोन भाग नदीची वाळू. खाडीची किंवा समुद्राची वाळू फुकट मिळते, पण तिच्यांतलें मीठ भिंतींत जन्मभर रडत राहतें. वर गुळाचें पाणी आणि बेलफळाचा काढा. पूर्वीं हें मिश्रण बैलाच्या घाणींत मळीत. आमच्यापाशीं बैल नव्हता, तेव्हां धुमसानें कुटलें. कुटणें जितकें अधिक तितका चुना चिकट. सिमेंट एका रात्रींत घट्ट होतें. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु हळूहळू ओढून घेऊन, महिन्यांमागून महिने, पुन्हां चुनखडीचा दगड होत जातो. म्हणजे भट्टींत जें गमावलें तें तो हवेंतून परत मिळवितो. तोंवर त्यावर ओलीं गोणपाटें टाकून सावली द्यावी लागते. हें काम आमच्या वहिनींनीं आणि भाचींनीं केलें, आणि तें न चुकतां दिवसांतून तीन वेळां केलें; दगड उचलणाऱ्यांचे फोटो निघाले, गोणपाट भिजविणाऱ्यांचे निघाले नाहींत, म्हणून मुद्दाम सांगतों.

पिंपळ ओढून काढावयाचा नाहीं हेंही अभियंत्यांनीं बजावलें. मुळें दगडांच्या मध्यें गेलेलीं असतात. झाड ओढलें कीं भिंत त्याच्या मागून येते. आधीं बुंधा कापला. मग पश्चिमेची भिंत, जिचें पोट बाहेर आलें होतें, ती वरून एकेक थर उतरविली. प्रत्येक दगडावर रंगानें अंक घातला आणि अंगणांत त्याच क्रमानें मांडून ठेवला. तेव्हां उलगडा झाला कीं, त्या सबंध भिंतींत आरपार दगड केवळ दोनच होते. बांधणाऱ्यानें घाई केली होती. पणजोबांच्या गवंड्याला तीन पिढ्यांनीं नांवें ठेवण्याची संधि मिळाली, आणि माझ्या पुतण्यांनीं ती सोडली नाहीं.

हें सर्व करणारे हात कोणाचे? देशावर इरजिक म्हणून एक चाल होती. एखाद्याचें शेत नांगरावयाचें असलें म्हणजे गांवचे शेतकरी आपापलीं औतें घेऊन येत, एका दिवसांत काम उरकीत, आणि शेतधन्यानें त्यांना जेवूं घालावें एवढाच मोबदला. कोंकणांत सावड: आज तुझ्या खाचरांत मी, उद्यां माझ्या खाचरांत तूं. आंबेगांव-जुन्नरच्या डोंगरांतले आदिवासी बांधव उतारावर भातखाचरें पाडतात तें काम पडकई म्हणून असेंच मिळून करतात. अमेरिकेंत आमिश पंथाचे शेतकरी शेजाऱ्याचें लांकडी कोठार एका दिवसांत सगळे मिळून उभें करतात. आम्हांला इरजिकेला बोलवावयास बैलवाले राहिले नव्हते. बँकेंत, शाळेंत, रेल्वेंत आणि संगणकावर काम करणारी माणसें होतीं. दर रविवारीं सकाळचे दोन मिस्सा आटोपून मी दादरहून विरारची गाडी पकडीं, तों फलाटावर आपल्यापैकीं सात-आठ जण जुने सदरे घालून उभे असत. त्यांतील निम्म्यांना दगड आणि वीट यांतला भेदही नवा होता. महिन्याभरांत त्यांना ओळंबा धरतां येऊं लागला, पाणसळ वाचतां येऊं लागली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलों. एका पुतण्यानें सुचविलें कीं, इतके हात फुकट मिळत असतां पाथरवटाला रोज कशाला द्यावा? त्याला आठ दिवस शिकवूं द्यावें आणि मग निरोप द्यावा. मीं तें मान्य केलें नाहीं. आमचा पाथरवट वडार समाजांतला, वडिलांकडून विद्या शिकलेला. आम्ही प्रेमानें फुकट राबत होतों ती आमची हौस होती. त्याच्या घरची चूल त्या हौशीवर पेटत नव्हती. शिवाय दगडाला 'तोंड' कोणतें हें हातांत घेतल्याबरोबर सांगणारा तोच एक. त्याला शेवटच्या दिवसापर्यंत पुरा रोज दिला, आणि शिकविण्याचा वेगळा दिला. मित्रांच्या श्रमानें मजुराची भाकर कापली जात असेल तर त्या श्रमाला सेवा म्हणण्यास मी तयार नाहीं.

जेवण हा इरजिकेचा आत्मा. तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें, बोंबलाचें कालवण. उपासकाळ मध्यें आल्यामुळें मांस वर्ज्य करणारे करीत, आणि अभियंत्यांसाठीं आत्या स्वतः वेगळ्या भांड्यांत वांग्याची भाजी शिजवी. एकदां त्यांनीं भिडेनें म्हटलें, "आजी, माझ्यासाठीं एवढें करूं नका." तिनें उत्तर दिलें, "तुम्ही भिंत ऐकतां, मी मीठ चाखतें. आपापलें काम करावें."

आणि ते दोघे चुलतबंधु? एक येई तेव्हां दुसरा नसे. दोघांनींही वार वांटून घेतल्यासारखे होते. एप्रिलच्या एका रविवारीं नवा आरपार दगड बसवावयाचा होता. दगड तीन फुटांचा, भिंतीच्या दोन्ही अंगांना पुढें येणारा. तो आंतून एकानें आणि बाहेरून एकानें, एकाच वेळीं, एकाच उंचीला धरावा लागे. आंतल्या बाजूस थोरला होता. बाहेर कोण आहे हें त्याला भिंतीमुळें दिसत नव्हतें. पाथरवटानें हांक दिली, "तुमच्याकडचें टोंक दोन बोटें वर!" आणि बाहेरून धाकट्याचा आवाज आला, "घेतलें, दादा." क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आंतून, "अजून थोडें." दगड बसला. त्यानंतर त्यांनीं एकमेकांना मिठी वगैरे मारली नाहीं. असल्या गोष्टी नाटकांत होतात. दोघांनीं एकाच मडक्यांतलें पाणी घेतलें आणि ताडाचे वासे कोठून आणावेत यावर भांडूं लागले. आत्या म्हणाली, "भांडताहेत ना? मग ठीक."

असिसीचा संत फ्रान्सिस तारुण्यांत, १२०६ च्या सुमारास, सान दाम्यानोचें पडकें देऊळ दुरुस्त करावयास निघाला, तेव्हां त्यानें गांवांत फिरून लोकांकडे दगड मागितले. पुढें पोर्सियुंकुलाचें लहानसें देऊळही त्यानें सावरलें. चरित्रकार सांगतात कीं, देवानें त्याला आपलें घर सांवरावयास सांगितलें होतें तें सबंध ख्रिस्तसभेविषयीं, आणि बिचाऱ्यानें तें शब्दशः घेऊन गंवडीकाम सुरू केलें. मला गोठ्यावर काम करतांना वाटूं लागलें कीं, त्यानें फारसें चुकीचें ऐकलें नसावें. दारोदार दगड मागतांना माणसांची जी ओळख होते ती उपदेशपीठावरून होत नाहीं.

मे महिन्यांत लांकूडकाम झालें. जुन्या वाशांपैकीं चौदा शाबूत निघाले. बाकीचे वाळवीनें पोखरलेले. कौलें दीड हजार लागणार होतीं. सातशें जुनीं धुऊन वापरलीं, उरलेलीं शेजाऱ्यांच्या पाडलेल्या घरांतून आलीं, आणि त्याचा एका शेजाऱ्यानें पैसाही घेतला नाहीं. २७ मे रोजीं वळिवाची सर आली. तेव्हां पूर्वेकडील उतार झांकलेला, पश्चिमेकडील उघडा, आणि पश्चिमेच्या भिंतींतला चुना अजून कोंवळा. रात्रीं दहा वाजतां ताडपत्र्या घेऊन शिडीवर कोण चढले? ज्यांना जागा मोकळी करून विकावयाची होती त्या धाकट्या शाखेचे दोन मुलगे. मी त्या रात्रीं येथें होतों. मला हें दुसऱ्या दिवशीं दूरध्वनीवर कळलें. ४ जूनला शेवटचें कौल चढलें. ८ तारखेला पाऊस आला, आणि आत्या खुर्ची टाकून आंत दोन तास बसली. एका जागीं थेंब पडत होता. तेथें तिनें पितळेचें पातेलें ठेवलें आणि निरोप पाठविला कीं छप्पर चढलें असें समजावें.

उत्तरेचा तुकडा विकला गेला आहे. दोन्ही मुलींचीं लग्नें झालीं, आणि एकीचा मांडव गोठ्यासमोरच पडला. आज तेथें केळीचे लोंगर ठेवतात, आणि गव्हाणींत नाताळांत मुलें देखावा मांडतात. त्यासाठीं मूर्तीखेरीज दुसरें कांहीं आणावें लागत नाहीं. भिंतीवरचे रंगाचे अंक आम्हीं पुसले नाहींत.

दक्षिणेच्या भिंतीच्या दरजा आणि आंतली जमीन हीं कामें मात्र राहिलीं आहेत. पाऊस सरला कीं चुना भिजवूं. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं चिटणीसांकडे नांव द्यावें. जुने कपडे, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. अंगठ्या घरीं ठेवाव्या. चुना त्यांना सोडीत नाहीं. आणि शाकाहारी किती जण, हें आत्याला शुक्रवारपर्यंत कळवावें लागतें.